बुरांशचं सरबत : ओळख आधी, साखर नंतर

मार्च महिन्यात रानीखेतला पोहोचलात, तर चीड आणि बांजच्या हिरव्या रानात मध्येच लालभडक झाडं दिसतात. आपल्याला पळस आठवतो. हा बुरांश, उत्तराखंडचा राज्यवृक्ष आणि नेपाळचं राष्ट्रीय फूल. कुमाऊँ-गढवालमध्ये याचं सरबत घरोघरी होतं, जसं कोकणात कोकमाचं. सुट्टीवर निघालेल्या जवानाच्या बॅगेत एक बाटली असतेच.

पण कोकम आणि बुरांश यात मोठा फरक आहे. बुरांश ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातला. या कुळातल्या बऱ्याच जातींत ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं. त्याने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, घेरी आणि उलट्या सुरू होतात. फौजेला हे विष जुनं ओळखीचं आहे. इ.स.पूर्व ४०१ मध्ये काळ्या समुद्राकाठून परतणाऱ्या ग्रीक सैनिकांनी तिथला मध खाल्ला आणि लढाई न होता सगळा तळ आडवा झाला, असं झेनोफोनने लिहून ठेवलंय. ते तीन-चार दिवसांत उठले. पुढे त्याच भागात पाँपेच्या सैनिकांच्या वाटेत असाच मध ठेवला गेला आणि शुद्ध हरपलेल्या तुकड्या कापल्या गेल्या.

आमच्या वरच्या चौकीवरून उतरताना दोन नव्या पोरांनी एकदा पिशवीभर फिकट जांभळी फुलं आणली. उंची अकरा हजार फुटांच्या आसपास. लंगरमध्ये पाणी तापत होतं. आमच्या कुमाऊँनी सुभेदारसाहेबांनी पिशवीत डोकावलं आणि ती तशीच खड्ड्यात रिकामी केली. “साहब, इसका शरबत नहीं, कोर्ट ऑफ इन्क्वायरी बनती है.” नंतर त्यांनी सगळ्यांना झाडाखाली उभं करून धडा दिला. तो इथे देतो.

फूल रक्तासारखं लाल हवं आणि झाड चांगलं उंच. वरच्या भागात खरा बुरांशही गुलाबी, पांढरट होत जातो, शिवाय तिथेच फिकट फुलांची विषारी झुडपं असतात. म्हणून शंका आली की फूल सोडून द्यायचं. ओळख स्थानिक माणसाकडूनच पटवायची. मोबाईलमधल्या फोटोवर भरवसा नको. पानं कधीच घ्यायची नाहीत. उकळलं की विष जातं, या समजुतीवर इथे विसंबू नये.

फुलं घरी आणली की फक्त पाकळ्या ठेवायच्या. पुंकेसर, मधला दांडा, हिरवा देठ, सगळं काढायचं. काम कंटाळवाणं आहे, पण यात घाई करायची नाही. पाकळ्या दोन-तीन पाण्यांत धुवायच्या. किडे भरपूर निघतात. एक किलो पाकळ्यांना दीड लिटर पाणी, स्टीलच्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायचं. आंबट पडणार असल्याने तांबं आणि ॲल्युमिनियम नको. पाकळ्या फिकट झाल्या की गाळायचं. लिटरभर अर्काला किलोभर साखर आणि चार-पाच लिंबं. लिंबू पडताच रंग एकदम उजळतो, तो क्षण बघण्यासारखा.

बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यात घालून काढलेल्या. रानीखेत सहा हजार फुटांवर आहे, तिथे पाणी साधारण ९४ अंशांनाच उकळतं. म्हणून खाली दहा मिनिटं पुरत असतील, तर वर सोळा द्यायची. सरबत गरम असतानाच भरायचं. एवढ्या साखरेवर ते फ्रीजबाहेर टिकत नाही. बाहेर ठेवायचं तर साखर एकूण वजनाच्या ६५ टक्क्यांपर्यंत न्यावी लागते, म्हणजे लिटरला जवळजवळ दुप्पट. फेस आला, झाकण फुगलं, आंबूस वास आला की बाटली ओतून टाकायची. चव घेऊन बघायची नाही.

पहिल्यांदा पिणाऱ्याने अर्धा पेलाच घ्यावा. हृदयाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. आपल्या निवृत्त मंडळींत असे पुष्कळ आहेत. पिऊन घेरी, घाम, उलटी झाली तर घरगुती उपाय न करता थेट एमआय रूम किंवा जवळचा दवाखाना गाठावा, आणि काय प्यायलं ते सांगावं.

सुभेदारसाहेब निवृत्त होऊन गावी गेले. त्या दोन पोरांपैकी एक आता हवालदार आहे. दर मार्चमध्ये नव्या भरतीला झाडाखाली उभं करून तोच धडा देतो, तीच कोर्ट ऑफ इन्क्वायरीची ओळ सांगून.

जय हिंद!