हाक आणि ओ

भावाच्या मुलीचं बारसं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, शेजारी घुगऱ्यांची परात आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला वरवंटा. आधी तो वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात फिरला, मग बाळ. मी वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं, ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं. त्याच क्षणी पाठीत चार-पाच धपाटे बसले. आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. का, ते तिथल्या एकीलाही सांगता आलं नसतं. बाळ झोपलेलंच होतं. खोलीतल्या तीसेक माणसांना तिचं नाव कळलं, तिला तेवढं कळलं नाही.

तिच्या मालकीची जगातली ही पहिली वस्तू, आणि ती वापरणार दुसरेच. आपण स्वतःला कधी नावानं हाक मारत नाही. नाव राहतं ते इतरांच्या तोंडी. घरी परतताना हाच विचार डोक्यात घोळत होता, कारण दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गावर मला समाजशास्त्राची सुरुवात करायची होती. संस्कृती, समाज, ओळख. दरवर्षी हेच तीन शब्द मी फळ्यावर लिहिते. या वर्षी ते लिहिताना हाताला घुगऱ्यांचा वास येत होता.

संस्कृती हा शब्द आज आपल्याला फार जुना वाटतो. इंग्रजीतल्या ‘कल्चर’च्या मुळाशी लॅटिनमधली शेतीची मशागत आहे. त्यासाठी बंगालीत ‘कृष्टी’ हा शब्द चालू होता, तोही नांगराच्याच कुळातला. रवींद्रनाथांना तो रुचत नसे. पुढे भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांना पॅरिसमध्ये एका मराठी मित्राच्या बोलण्यात ‘संस्कृती’ हा शब्द भेटला. त्यांनी तो रवींद्रनाथांच्या कानावर घातला आणि त्यांना तो मनापासून पटला. नांगरटीपेक्षा संस्कार जवळचा वाटला असावा. आमचं बारसंही संस्कारच. एडवर्ड टायलरनं 1871 मध्ये संस्कृतीची व्याख्या केली, तेव्हा ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजात राहून माणूस जे जे शिकतो ते सगळं त्यानं तिच्यात घातलं. त्या ‘जे जे’मध्ये पाठीतला धपाटाही येतो. मी तो कधी शिकले ते मला आठवत नाही, पण पुढच्या बारशाला माझाही हात आपोआप उठेल.

आणि समाज? त्याची व्याख्या मी हल्ली एका अनुस्वारावर करते. आपल्याकडे नाव ठेवतात, आणि नावंही ठेवतात. पाळण्याभोवती जमून नाव ठेवणारी माणसं तीच, आणि मुलगी मोठी होऊन त्यांच्या मनाविरुद्ध वागली तर नावं ठेवणारीही तीच. नाव काढायचं ते त्यांच्यासमोर, नाव घालवायचं तेही त्यांच्यासमोर. मराठीनं हा सगळा हिशेब केव्हाच मांडून ठेवला आहे.

तिसऱ्या शब्दासाठी मी मुलांना कोरा कागद देते. ‘मी कोण आहे?’ या एकाच प्रश्नाची वीस उत्तरं लिहायची. ही चाचणी मॅनफोर्ड कुन आणि थॉमस मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये मांडली. माणसं आधी आपले गट आणि नाती लिहितात आणि स्वभावाकडे मागाहून वळतात, असं त्यांना दिसलं. माझ्या वर्गातही तेच होतं. मी मुलगी आहे, मी विद्यार्थी आहे, मी अमक्याचा भाऊ, मी साताऱ्याची. दहा-अकरा ओळी भराभर संपतात आणि मग पेनं थांबतात. खिडकीबाहेर बघून बघून कुणी लिहितं, ‘मला अंधाराची भीती वाटते.’ कुणी लिहितं, ‘मी लवकर रडते.’ ही उत्तरं वाचताना मला वाटतं, मूल आता कुठे दारात येऊन उभं राहिलं.

‘ओळख’ हा आपला शब्द मला फार आवडतो. ‘माझी ओळख’ म्हणजे मी कोण ते. आणि ‘त्यांची माझी ओळख आहे’ म्हणजे आम्ही एकमेकांना जाणतो. एकाच शब्दात दोन्ही. एकट्या माणसाला ओळख असूच शकत नाही, हे या शब्दानं गृहीतच धरलं आहे. चार्ल्स कूली यांनी 1902 मध्ये लिहिलं की आपलं ‘मी’पण दुसऱ्यांच्या आरशात घडतं, दुसऱ्याला आपण कसे दिसत असू याची कल्पना करत करत आपण स्वतःला रचतो. मी मुलांना आरशाऐवजी हाक सांगते. कुणीतरी हाक मारतं, आपण ओ देतो. त्या दोन आवाजांच्या मधल्या जागेत आपण राहतो.

आणि हाका किती तऱ्हेच्या! ज्या मुलीच्या कानात मी नाव सांगितलं ती माझी भाची, पण माझ्या धाकट्या भावाची पुतणी. एकच मूल, बहिणीनं पाहिलं तर एक नातं, भावानं पाहिलं तर दुसरं. सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे आणि कुठे कुठे सासूला ‘आत्याबाई’ म्हणतात. सासरा मामा कसा आणि सासू आत्या कशी, हे लहानपणी मला कोडं होतं. उत्तर इरावती कर्व्यांच्या अभ्यासात सापडलं. त्यांचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा ग्रंथ 1953 मध्ये आला. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न चालत नाही, दक्षिणेत मामा-आत्याच्या घरी सोयरीक करण्याची चाल जुनी. महाराष्ट्र या दोन्हींच्या सीमेवर. इथल्या अनेक समाजांत मामाची मुलगी करतात. मग नवऱ्याची आई ही मुलीची आत्याच. चाल पुष्कळ घरांतून गेली, हाक तेवढी राहिली. घरातल्या सुनेनं ‘मामंजी, चहा’ म्हटलं की कित्येक पिढ्यांची सोयरीक त्या दोन शब्दांत बोलून जाते, आणि चहा देणारीला ते माहीतही नसतं.

इरावतीबाईंचं नावही एका नदीचं. ब्रह्मदेशात 1905 साली जन्म झाला म्हणून तिथल्या इरावतीचं नाव मिळालं. ‘परिपूर्ती’ या लेखात त्यांनी आपल्याच ओळखीची गोष्ट सांगितली आहे. सभेत त्यांची ओळख करून देताना थोरामोठ्यांची मुलगी, सून, पत्नी असं सगळं सांगून झालं, तरी काहीतरी राहिलं असं त्यांना वाटत राहिलं. मग रस्त्यावर एका शाळकरी पोरानं मित्राला दाखवलं, की ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि राहिलेलं पुरं झालं. मी हा लेख विशीत वाचला तेव्हा रागावले होते. इतकी मोठी विदुषी, आणि परिपूर्ती कशात, तर कुणाची तरी आई होण्यात? आता रागावत नाही. ती हाक ज्या तोंडून आली, त्या तोंडाला पदव्या ठाऊक नव्हत्या. त्याला बाई दिसली आणि आपला मित्र आठवला.

तरीही प्रत्येक हाक अशी निर्मळ नसते. आमच्या स्वयंपाकघरात एक पितळी डबा आहे. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत एक नाव कोरलेलं आहे. भांडेवाला छिन्नीचं टोक ठेवून हातोडीनं हलके ठोके देत नाव घालायचा, ती अक्षरं. बोट फिरवलं तर आजही खरखरतात. लहानपणी मला ते नाव कुणा परक्या बाईचं वाटे. आमच्याकडे त्या नावाचं कुणीच नव्हतं. एकदा आजीला विचारलं, ‘ही कोण गं?’ ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मीच.’

लग्नात परातीतल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं गेलं. तांदूळ सारखे केले की अक्षरं मोडतात, पण तांदळातलं नाव टिकलं आणि पितळेवरचं नाव विसरलं गेलं. माहेरची माणसं एकेक करून गेली, तशी तिला त्या नावानं हाक मारणारी तोंडंही संपली. ती स्वतः जिवंत होती, पण त्या नावाची मुलगी कुठेच उरली नव्हती. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना हाक मारायचा हक्क होता, त्यांच्याबरोबर ते गेलं. डब्यात आता आम्ही साखर ठेवतो.

या वर्षीच्या कागदांत एका मुलानं वर आपलं नाव आणि वडिलांचं नाव लिहिलं होतं, आडनावाची जागा कोरी. विसरलास का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, ‘नाही, मॅडम. आडनाव लिहिलं की पुढचं कुणी वाचत नाही.’ मी त्याचा कागद हातात धरून उभी राहिले. वर्गात बोलायला शब्द नव्हते, आणि मी त्याच विषयाची शिक्षिका.

बस असो, भाड्याची खोली असो, पहिल्या दोन वाक्यांनंतर येणारा ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो. विचारणाऱ्याला तो ओळखीचा वाटतो. उत्तर देणाऱ्याला कधीकधी तो उंबऱ्यावरचा पहारा वाटतो. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, मंडणगड तालुक्यातलं गाव आंबडवे. त्या गावावरून शाळेच्या दप्तरात आंबडवेकर आलं आणि पुढे आंबेडकर झालं. त्यांनी 9 मे 1916 ला, वयाच्या 25 व्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. जात टिकते ती लग्नाच्या कुंपणावर, आपल्याच गटात लग्न लावण्याच्या सक्तीवर, हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. मघाशी नात्यांच्या हाकांचं मी इतकं कौतुक केलं. त्या सोयरिकींच्या भोवतीच हे कुंपण उभं आहे. मामंजी या हाकेतली माया खरी, आणि ते कुंपणही खरं. माझ्या विषयानं मला हे दोन्ही एकदम बघायला शिकवलं, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

काही हाकांना ओ द्यायचा नसतो, हेही त्या मुलाकडून शिकले. कोरी जागा हे त्याचं एकविसावं उत्तर होतं.

हल्ली ‘अस्मिता’ हा शब्द जिथे तिथे झेंड्यासारखा फडकतो. योगसूत्रांत पतंजलींनी पाच क्लेश सांगितले आहेत, त्यांत अविद्येच्या पाठोपाठ अस्मिता येते. ‘मी’ला घट्ट चिकटणं हे त्यांच्या लेखी दुखणं. ओळख दोघांची असते, अस्मिता एकट्याची होऊन बसते. मुलांनी पहिला शब्द जपावा असं मला फार वाटतं.

परवा भाचीचा जन्मदाखला पाहिला. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला आहे. तिच्या नावाला लागून वहिनीचं नाव होतं. मी त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं. कागद गुळगुळीत होता, तरी बोटाला डब्यावरचे ठिपके लागले.

बारशाला मी तिला चांदीची वाटी दिली होती, तिच्या नावाची. आता ती सात महिन्यांची आहे. काल गेले तेव्हा सतरंजीवर बसून ती वाटी फरशीवर आपटत होती. मी दारातूनच तिचं नाव घेतलं. वाटी थांबली. मान वळली, डोळे मला शोधू लागले, आणि तिनं तोंड उघडून एक आवाज केला, ज्याला अजून कुठलंच अक्षर नाही.

मी चपला काढायच्या विसरून तशीच आत गेले.