कॅमेऱ्यापुरती शिट्टी

गाडी फलाटात शिरताना पाहावं, निदान पाचपन्नास मोबाइल वर उचललेले असतात. कुणी इंजिनाचं चित्रीकरण करतो, कुणी इंजिनाकडे पाठ करून स्वतःचं. त्यांना कुणी हटकत नाही. त्याच फलाटावर आम्हा मित्रांपैकी एकाने पिशवीतून लांब नळीचा कॅमेरा काढला की शिट्टी वाजते. कुठून आलात, कशासाठी काढता, ओळखपत्र दाखवा, काढलेले फोटो पुसून टाका. या चौकशीचा मला राग येत नाही. वर्दीतल्या माणसाने विचारणं हे त्याचं कामच आहे. राग येतो तो शेवटच्या प्रश्नाचा, आणि तो हमखास येतो: ‘पण गाडीत बघण्यासारखं काय आहे?’ बघण्यासारखं काहीच नाही, म्हणजे बघणाऱ्याच्या मनात दुसरंच काही असणार, असा त्यामागचा हिशेब. तो हिशेब चुकीचा आहे, आणि चुकीचा असूनही वर्षानुवर्षं फलाटावर नियम म्हणून चालतो. गाड्या बघत दिवस घालवणारी माणसं रेल्वेची जी नोंद रेल्वे स्वतः ठेवत नाही ती फुकट ठेवतात, असं माझं म्हणणं आहे. त्यांना संशयित धरण्याने सुरक्षितता तसूभरही वाढत नाही.

बघण्यासारखं काय, याचं उत्तर द्यायला कर्जतसारखी जागा नाही. इथून लोणावळ्यापर्यंतच्या अठ्ठावीस किलोमीटरांत गाडीला साधारण साडेपाचशे मीटर चढायचं असतं. चढ एकास सदतीसचा, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्याला हे काहीच नाही, पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला भलतंच आहे. म्हणून १८६३ साली हा घाट रेल्वेला खुला झाल्यापासून इथे गाड्यांना जादा इंजिनाचं बळ द्यावं लागत आलं आहे. आजही कर्जतला पुण्याकडच्या बहुतेक गाड्यांना मागून दोन-तीन इंजिनं लागतात, ती ढकलत ढकलत गाडी वर नेतात, लोणावळ्याला सुटतात आणि मोकळी खाली उतरतात. त्यांना सगळे बँकर म्हणतात. प्रवाशाच्या लेखी हा वडापाव घेण्याचा थांबा. बघणाऱ्याच्या लेखी त्या चार-पाच मिनिटांत बरंच काही घडत असतं: इंजिनं हळूच येऊन टेकतात, कपलिंग जुळतं, ब्रेकची तपासणी होते, पुढच्या आणि मागच्या लोको पायलटांचं बोलणं होतं. एकट्याला हे सगळं टिपता येत नाही, आणि मित्र लागतात ते यासाठीच. एकाची नजर सिग्नलवर, एकाच्या हातात वही, एक कॅमेऱ्यामागे, आणि एक नुसताच सोबतीला आलेला, ज्याच्यामुळे चहा वेळेवर मिळतो. वहीत इंजिनाचा क्रमांक, त्याच्या शेडचं नाव, डब्यांची रचना उतरते. डब्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे तो बनल्याचं वर्ष. हे ठाऊक झालं की उभ्या गाडीच्या प्रत्येक डब्याचं वय वाचता येतं.

या वह्यांना आणि फोटोंना किंमत येते ती वस्तू नाहीशी झाल्यावर. मुंबईच्या परिसरात १९२५ पासून विजेच्या गाड्या पंधराशे व्होल्ट डीसीवर धावत होत्या. बाकी देशाने पंचवीस हजार व्होल्ट एसी स्वीकारल्यावर दोन्हींचा सांधा जुळवणं हाच एक उद्योग होऊन बसला. इगतपुरीला इंजिन बदलायचं, गाडी तेवढा वेळ थांबायची, आणि उत्तरेकडे जाणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या आठवणींत तो थांबा जेवणाच्या डब्यासकट बसलेला आहे. नंतर दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिनं आली, फक्त या टापूच्या गरजेसाठी बनवलेली. २०१६ मध्ये हार्बर मार्गावरची उरलीसुरली डीसीही गेली आणि त्या इंजिनांच्या असण्याचं कारणच संपलं. कोकण रेल्वेवर दोन दोन डिझेल इंजिनं जोडलेल्या गाड्या पानवलच्या पुलावरून जात. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाल्यावर तेही दृश्य मागे पडत गेलं. चेन्नईच्या कारखान्यात २०१८ मध्ये जुन्या धर्तीचा शेवटचा डबा तयार झाला, आणि २०२२ मध्ये दख्खनच्या राणी या पुणे-मुंबई गाडीचेही डबे बदलले. या सगळ्याचं दप्तर रेल्वेकडे असेलच, कुठलं इंजिन कधी घेतलं आणि कधी भंगारात काढलं याचं. पण राणीला पावसाळ्यात मागून कुठली इंजिनं लागत, ती किती मळकी असत, मालगाडीमागे कोण आणि राणीमागे कोण अशी काही वाटणी होती का, हे दप्तरात नसतं. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ आणि ‘सर रॉजर लम्ली’ ही घाटातली जुनी विजेची इंजिनं जपलेली आहेत, चांगली रंगवून. ती उभी आहेत. चढावर ती कशी दिसत, हे कुणीतरी बाहेर उभं राहून टिपलं म्हणूनच कळतं. भारतीय इंजिनांची बऱ्याच अंशी पूर्ण म्हणावी अशी छापील यादीसुद्धा ह्यू ह्यूज या इंग्रज रेल्वेवेड्याने चार भागांत केलेली आहे, आणि ती छापली तिकडच्याच एका हौशी मंडळाने. आपल्याकडची मंडळी या कामाला लागली त्यातही १९८९ साली सुरू झालेल्या इंडियन रेल्वेज फॅन क्लबचा वाटा मोठा, आणि तो सुरू केला अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय मुलांनी. इथल्या फलाटावर उभं राहणाऱ्याला पहिला मान बाहेरूनच मिळाला.

आता शिट्टीच्या आधाराकडे येऊ, कारण माझं खरं दुखणं तिथेच आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात गुन्ह्यांचं एक लांबलचक प्रकरण आहे. विनातिकीट प्रवास, दारू पिऊन धिंगाणा, विनापरवाना विक्री, साखळी ओढणं, छतावर बसणं, हद्दीत घुसणं, सगळं त्यात आहे. फोटो काढणं या नावाचा गुन्हा त्यात नाही. मग बोट दाखवलं जातं ते १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याकडे. त्यात रेल्वेचा उल्लेख आहे खरा, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ती जागा निषिद्ध ठरवली असेल तर. सरसकट प्रत्येक स्टेशनाला तो लागू होत नाही. उरतात परिपत्रकं आणि त्यांच्या ऐकीव आवृत्त्या. एक म्हणतो मोबाइल चालेल, कॅमेरा नाही. दुसरा म्हणतो कॅमेरा चालेल, तिपाई नाही. तिसरा म्हणतो जनसंपर्क कार्यालयाचं पत्र आणा. गुपित म्हणावं तर जपायला उरलंय तरी काय? वेळापत्रक सगळ्यांना खुलं असतं, गाडी या क्षणी कुठे आहे हे रेल्वेचंच ॲप सांगतं, उपग्रहावरून यार्डातले रूळ मोजता येतात. पैसे भरून परवानगी काढली की चित्रपटवाल्यांना आख्खं स्टेशन मिळतं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा शेवट आपट्याच्या फलाटावरचा, आणि ‘स्लमडॉग मिलियनेअर’मधलं गाणं थेट सीएसटीवरचं. ते जगभर पाहिलं गेलं, त्याने कुठलं गुपित फुटलं नाही. शिवाय २०२३ मध्ये रेल्वेने स्वतःच ठिकठिकाणी फलाटांवर सेल्फी पॉइंट उभारले. म्हणजे स्टेशनावर फोटो काढायला हरकत नाही, तो तुमचा स्वतःचा असला पाहिजे. रेल्वेचा काढलात तर संशय. यामागे तत्त्व कोणतं हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे. मला दिसतं ते एवढंच की मोबाइलवाले शेकडो असतात, त्यांना हटकणं अशक्य. कॅमेरेवाले चार असतात, त्यांना हटकणं सोपं.

यावरचा गंभीर आक्षेप मला टाळायचा नाही. जुलै २००६ मध्ये लोकलगाड्यांत स्फोट झाले, नोव्हेंबर २००८ मध्ये सीएसटीच्या फलाटांवर माणसं मारली गेली. त्या हल्ल्याआधी डेव्हिड हेडलीने मुंबईत फिरून ठिकाणांचं चित्रीकरण केलं होतं, हे त्याच्याच कबुलीतून उघड झालेलं आहे. तेव्हा कॅमेरा टेहळणीसाठी वापरला जातो ही कल्पना हवेतली नाही, आणि ज्या पोलिसाने सहकारी गमावले त्याला आमच्या छंदाचं कौतुक असावं अशी अपेक्षाही नाही. पण हाच पुरावा पुढे वाचला तर काय दिसतं? हेडली परदेशी व्यावसायिक म्हणून वावरला, चारचौघांत मिसळून. खांद्यावर दोन किलोंचं भिंग लावून तासन् तास एकाच जागी उभं राहणं, येणाऱ्या हमालाशी गप्पा मारणं, वहीत सगळ्यांदेखत आकडे लिहिणं, हे लपू पाहणाऱ्याचं वागणं नव्हे. आणि २००८ च्या हल्ल्याच्या रात्री सीएसटीवर हल्लेखोर कसाबचा जो फोटो निघाला तो सेबॅस्टियन डिसूझा या वृत्तछायाचित्रकाने स्टेशनातच काढला. पुढे न्यायालयात त्याने साक्ष दिली, फोटो पुरावा ठरले. छंदिष्टाला हेर समजण्याचा प्रयोग ग्रीसने करून पाहिला आहे. २००१ च्या नोव्हेंबरात कालामाताच्या हवाई तळावर विमानांची नोंद करणारे बारा ब्रिटिश आणि दोन डच लोक पकडले, पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना दोषी ठरवलं आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अपिलात सोडून दिलं. वर्ष गेलं, अब्रू गेली, हाती हेर एकही लागला नाही. उलट फलाटावर रोज येणारा माणूसच तिथे आज वेगळं काय आहे हे सर्वांत आधी ओळखतो. त्याला हुसकावून आपण दोन जास्तीचे डोळे घालवतो.

सुरक्षेहून मला जड जातो तो जिवाच्या धोक्याचा आक्षेप, आणि इथे मी बराचसा रेल्वेच्या बाजूचा आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी सुमारे अडीच हजार माणसं मरतात, त्यांतली पुष्कळशी रूळ ओलांडताना. हद्दीत घुसण्याला कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे मला जास्त वाटत नाही. २०२३ च्या जुलैत दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्या मंडळींना उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत गाजली. उठाबशांची पद्धत मला पसंत नाही, पण बोगद्यांच्या आणि वळणांच्या त्या घाटात रुळावरून चालणाऱ्याची बाजूही घेता येत नाही. आमच्यातही असे लोक आहेत. वळणावरच्या गाडीचा ‘एक तरी’ फोटो मिळावा म्हणून खडीत उतरणारे, लोको पायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणारे. जपानमध्ये असल्या रेल्वे-छायाचित्रकारांनी घातलेल्या गोंधळाच्या बातम्या सारख्या येतात. शिस्त हा छंदाबरोबर आपोआप येणारा गुण नव्हे. पण मग उपाय काय? लांब नळीचं भिंग ज्याच्याकडे आहे तो फलाटाच्या टोकावर, पिवळ्या रेषेच्या कितीतरी मागे उभा राहून पाऊण किलोमीटरवरचं इंजिन टिपतो. मोबाइलवाल्याला तेच चित्र हवं तर रुळाच्या जवळ जावंच लागतं. म्हणजे ज्या उपकरणाला पाहून शिट्टी वाजते तेच माणसाला रुळापासून लांब ठेवतं. ब्रिटनमध्ये रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलने रेल्वेप्रेमींसाठी सूचनाच प्रसिद्ध केल्या आहेत: आल्यावर कर्मचाऱ्यांना कळवा, पिवळ्या रेषेमागे राहा, फ्लॅश नको, कडेला तिपाई नको. एका पानावर मावेल एवढा मजकूर. आपल्या फलाटावर तो पाटीवर लिहिला तर पोलिसाचं काम सोपं होईल, आमचंही.

इतकं सगळं मांडल्यावर ‘नोंद’ या शब्दाचा मीच जरा जास्त आधार घेतला, असं वाटू लागतं. देशाच्या इतिहासाची सेवा करायला म्हणून पहाटेची कर्जत लोकल कुणी धरत नाही. हिवाळ्यात संध्याकाळची राणी घाट चढते तेव्हा अंधार पडलेला असतो, फोटो काही येत नाही, तरी मंडळी थांबतात. वंदे भारत २०२३ पासून बँकरशिवाय घाट चढते, म्हणजे आमच्या लेखी निम्मं नाटकच गेलं, आणि तरी तिच्या पहिल्या फेऱ्यांना आमच्यासारख्यांचीच गर्दी होती. नोंद ही मागाहून होते. आधी असतं ते चार रिकामटेकड्यांनी एकत्र बसून कुणाचंही नुकसान न करता दिवस घालवणं, आणि खरं तर तेवढंच कारण पुरायला हवं. क्रिकेट बघणाऱ्याकडे कुणी उपयुक्ततेचा दाखला मागत नाही. म्हणून रेल्वेकडे लेखी परवानगीची व्यवस्था मागावी की नाही, याबद्दल मी आता तितकासा ठाम नाही. पाटी हवी, परवाना नको. परवाना म्हटला की अर्ज आला, दोन छायाचित्रं आली, शुल्क आलं, कॅमेऱ्याचा क्रमांक आणि प्रयोजनाचा रकाना आला, आणि त्या रकान्यात ‘बघणे’ लिहिलं तर अर्ज परत आला. शिवाय कार्यालयाची वेळ अकरा ते चार, आणि पुण्याहून सव्वासातला निघालेली राणी तोवर मुंबईला पोचलेली.