पाकळीचा ल, देठाचा श

डेबियन या लिनक्स प्रणालीचे पॅकेज बांधायचे तर फायली कुठे बसवायच्या, आधी काय बसलेले हवे, परवाना कोणता, मागच्या आवृत्तीनंतर काय बदलले, सगळे सोबत लिहून द्यावे लागते. अंबाजोगाईत बसून मी शाळांच्या संगणकांसाठी मराठी फॉन्ट आणि कळफलक असे बांधतो. जिथे इंटरनेटचा भरवसा नाही तिथे पॅकेज पेनड्राइव्हवर जाते. ते अडले तर 'अमुक एक उतरवून घ्या' असे गुरुजींना सांगून भागत नाही. म्हणून लागणाऱ्या पॅकेजांसकट सगळा संच एका आज्ञेत तयार करणारी स्क्रिप्ट लिहिली.

बदलांची नोंद ठेवणाऱ्या चेंजलॉगमध्ये नावाची ओळ एक जागा सोडून सुरू होते. ईमेल आणि तारीख यांच्यात नेमक्या दोन जागा लागतात. असली कामे यंत्राचीच. बांधणीच्या क्षणाची वेळ आत शिरली की तेच पॅकेज उद्या वेगळे निघते, म्हणून स्क्रिप्ट चेंजलॉगमधलीच तारीख सगळीकडे लावते. साधने तीच असतील तर बीडला बांधा की परळीला, बाइट न् बाइट सारखे.

परवाना वाचायचे काम मात्र मी माझ्याकडे ठेवले आहे. मुक्त परवान्याचा फॉन्ट बदलता येतो, वाटता येतो. पण कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फॉन्टला ते देता येत नाही. परवान्याची फाइल बदललेली दिसली की स्क्रिप्ट थांबते आणि मी वाचायला बसतो. फुकट मिळालेल्या कामाचे एवढे देणे तर लागतोच.

माझा खरा जीव शेवटच्या तपासणीत आहे. 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवून दिला. मी वापरतो त्या फॉन्टमध्ये हिंदीची वळणेही आहेत. मजकूर मराठी आहे असे कळले तरच आपली अक्षरे उमटतात. स्क्रिप्ट हार्फबझला, म्हणजे फॉन्टमधली योग्य आकृती निवडणाऱ्या प्रणालीला, 'ल' दोनदा देते, एकदा भाषा हिंदी सांगून, एकदा मराठी. दोन्ही वेळा एकच आकृती आली की बांधणी तिथेच बंद. मग 'श'ची पाळी. पहिलीतले पोर पडद्यावर बघून अक्षर गिरवणार असेल, तर त्याच्यासमोर साधारण बरा 'ल' ठेवून चालणार नाही.

केज, धारूर, पाटोदा, आष्टी, कुठल्याही शाळेसाठी कोणी हे काम हाती घेणार असेल तर त्याने ही पद्धत खुशाल उचलावी, हवी तशी बदलावी. फक्त ही शेवटची तपासणी गाळू नये.