कापसाच्या मुलखातून ऐकताना

रॉक अँड रोल म्हणजे शहरी, उच्छृंखल तरुणांचा उन्माद, अशी जी समजूत आमच्या रसिकमंडळींत रूढ आहे, ती यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात बसून ही गाणी ऐकणाऱ्याच्या मनात फार काळ टिकत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस अडला, तेव्हा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली आणि मिसिसिपीकाठच्या शेतमजुराचे व आमच्या वेचणाऱ्या बायांचे भाग्य एकाच बाजारभावाच्या हवाली झाले.

म्हणूनच कार्ल पर्किन्सचे १९५६ साली गाजलेले ‘ब्लू स्वेड शूज’ मला थिल्लर वाटत नाही. टेनेसीतल्या बटईदाराच्या पोटी जन्मलेला, लहानपणी कापूस वेचलेला हा गायक नव्या बुटांचा अभिमान इतक्या आवेशाने का गातो, हे ज्याने पऱ्हाटीत उभे राहून भेगाळलेल्या टाचा पाहिल्या आहेत, कमरेच्या ओटीचे ओझे आणि बोंडाच्या वाळक्या, टोकदार पाकळ्यांनी ओरबाडलेली बोटे पाहिली आहेत, त्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

चक बेरीच्या ‘जॉनी बी. गुड’मधला, रुळाकाठी झाडाखाली गिटार छेडणारा अडाणी पोरगा तर मला थेट दारव्ह्याच्या वाटेवर दिसतो. कापसाच्या गाठी वाहण्यासाठी टाकलेल्या त्या अरुंद रुळांवरून आमची ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनाने धापा टाकीत मूर्तिजापूरला जात असे. १९५८चे हे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात रवाना झाले. शकुंतलेच्या नशिबी एवढा प्रवास नव्हता.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचे वडील लिव्हरपूलच्या एका पेढीत कापसाचे विक्रेते होते. त्यांच्या हातून वणी-पुसदकडची एखादी गाठ गेली असेल, अशी कल्पना करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. आणि ती केली की ‘येस्टरडे’मधली हळहळ अकारण जवळची होते.

आपल्याकडे सी. रामचंद्रांनी १९५७ साली ‘आशा’ चित्रपटातल्या ‘ईना मीना डीका’त या तालाची नशा मोठ्या बहारीने उतरविली खरी, परंतु ताल आला आणि कापूस मात्र तिकडेच राहिला. मेम्फिस या कापसाच्या पेठेत सॅम फिलिप्सने १९५० साली ध्वनिमुद्रणाचे दुकान थाटले आणि पर्किन्ससारख्या शेतातून आलेल्या पोरांचे आवाज तबकडीवर चढविले, हे त्यांचे भाग्य; आमच्या धुऱ्यावर असा फिलिप्स कोणी उभा राहिला नाही. तेव्हा यंदा सीतादहीची पूजा होऊन वेचणीला आरंभ होईल आणि तासातासांतून बाया गाऊ लागतील, तेव्हा यवतमाळच्या वाचकांपैकी ज्याच्या खिशात मोबाईल असेल त्याने, गाणारणींची संमती घेऊन, तो अवश्य बाहेर काढावा आणि गाणे पुरे होईपर्यंत चालू ठेवावा.