बेली म्हणजे पिशवी

सहावीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, पोटाला स्टमक म्हणतात, मग बेली म्हणजे काय?" मी म्हणालो, "तेही पोटच." उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे वाटले. घरी येऊन शब्दकोश उघडला.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता पिशवी, चामड्याची थैली. पोट हा अर्थ नंतर, मध्ययुगात रुळला. लोहाराच्या भात्याला इंग्रजीत बेलोज म्हणतात, तोही मुळात हाच शब्द. भाताही फुगतो आणि रिकामा होतो. त्याहून नवल बजेटचे. हा शब्द चामड्याच्या छोट्या थैलीच्या फ्रेंच नावावरून आला आणि त्याचेही मूळ फुगणे या अर्थाच्या त्याच प्राचीन धातूत आहे. म्हणजे पोट आणि अंदाजपत्रक एकाच खानदानातले!

वाचता वाचता अम्मी आठवली. तिला इंग्रजीचे अक्षरही येत नव्हते. महिनाअखेरीला पिठाची पिशवी हाताने चाचपून ती भाकरींचा हिशेब करायची. आमची ताटे भरायची आणि म्हणायची, "मेरेकू भूक नै." ते खोटे होते, हे मला फार उशिरा कळले.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळे सांगितले. रोज पोट दुखते म्हणून बाहेर जायला मागणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, पिशवी रिकामी असली की दुखते का?"

मी त्याला आजवर कामचुकार समजत होतो. आता कुणाचे पोट दुखले की आधी विचारतो, "बेटा, सकाळी काही खाल्लंस का?"