मामांची डोण

गुरांना पाणी पाजायच्या दगडी किंवा लाकडी कुंडाला आपल्याकडची जुनी माणसं डोण म्हणतात. कन्नडमध्ये दोणी म्हणजे नाव. दोन्हींचं मूळ संस्कृत 'द्रोणी'. अफजलपूर तालुक्यात भीमाकाठी राहणारे माझे सुतार मामा घरात मराठी आणि कामावर कन्नड बोलत. ते नावेलाही डोणच म्हणत. ही भीमा म्हणजे पंढरपूरची चंद्रभागाच, पुढे गाणगापूरला तिला अमरजा मिळते.

मामांचं रोजचं काम बैलगाड्या नि तिफणींचं. १९८६ च्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी एक नाव करायला घेतली होती. हाताखाली शिकाऊ पोरगा होता, त्याचा वाकस जरा जोरातच चाले.

नावेच्या कडा वळणाच्या, तिथे गुण्या काय कामाचा? मामा या टोकापासून त्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणत आणि दर हातावर काठी आडवी धरून दोन्ही कडांचं अंतर ताडून बघत. एक बाजू फुगीर निघाली तर तेवढीच तासायची, तीही खडूच्या खुणेपर्यंत. थोडं इकडून, थोडं तिकडून घेत बसलं की खाटेच्या पायांसारखं होतं, म्हणायचे. सारखे करता करता खाट जमिनीला टेकते.

जास्त तासलं गेलं तर तुकडा बसवायचा. तो चौकोनी नाही, लांबट शंकरपाळ्यासारखा, आणि त्याच्या रेषा फळीच्या रेषांच्याच दिशेनं. चौकोनी ठिगळाची आडवी कड लाकूड फुगलं-आटलं की आधी उघडते. (घरी लाकडाचं काही करत असाल तर हे करून बघा.)

पण पोरानं बाजूच्या फळीची खालची कडच तिरपी उतरवली होती. दोन हात लांब, बोट जाईल एवढी फट. नावेचा मालक म्हणाला, "कापूस भरा, डांबर मारा. रंग लावल्यावर कुणाला दिसतंय?" मामांनी मान हलवली. बारीक फटीत लाकूड फुगून कापूस आवळला जातो. एवढ्या फटीत तो टिकत नाही. पलीकडच्या गावची शाळेची पोरं याच नावेतून येणार होती.

तेवढा भाग कापून नवा जोडला. फळी इंचभर जाडीची, म्हणून जोडाचा उतार आठ इंच लांब. लाकडाचे पैसे मामांनी मागितले नाहीत, त्यावरून मामी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आणि तो उतार रंधायला बसवलं कुणाला, तर त्याच पोराला! आधी वाया गेलेल्या फळीवर चार वेळा, मग खऱ्या फळीवर. मला तेव्हा हे मुळीच पटलं नव्हतं.

नाव पाण्यात सोडली तेव्हा झिरपलीच. कोरडं लाकूड सुरुवातीला झिरपतंच. दगड भरून ती दोन दिवस काठाशी बुडवून ठेवली. मालकाच्या येरझारा चालू होत्या. तिसऱ्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं, आतून फडक्यानं पुसून घेतलं आणि नाव पुन्हा तरंगवली. तासाभरानं पोरगा आत उतरला, जोडावरून तळवा फिरवला आणि काही न बोलता तो मामांसमोर धरला. कोरडा होता.