कोन कुणाच्या रानात पडतो

पुण्याच्या ऑफिसात लाइन ओढायला फारसा वेळ लागत नाही. उपग्रहचित्रावर एका टोकाला धाराशिव जिल्ह्यातल्या सौर-पवन प्रकल्पाचं उपकेंद्र, दुसऱ्या टोकाला कळंबचं पूलिंग स्टेशन, आणि मध्ये तीन पर्यायी मार्ग. तीन दाखवायचेच असतात. त्यातला एक मनात आधीच पक्का झालेला असतो. उरलेले दोन लग्नातल्या करवल्यांसारखे सोबतीला.

माझं काम वॉकओव्हर सर्व्हेचं. म्हणजे चित्रावरची रेघ पायाखाली घालून पाहायची. चित्रात जे पडीक माळरान होतं, तिथे गेल्यावर निळा कागद अंथरलेलं नवंकोरं शेततळं निघतं. चित्रात एक झाड असतं, जागेवर त्याच्या सावलीत शेंदूर लावलेला देव असतो. मग रेघ वाकवायची. वाकवणं सोपं वाटतं, पण दोन अंशांपेक्षा जास्त वळण आलं की साधा टॉवर चालत नाही. तारांचा ताण एका बाजूला खेचू लागतो, त्यासाठी जड टेन्शन टॉवर लागतो. पंधरा अंशांपुढे त्याहून जड, तीस ते साठला सगळ्यात दांडगा. पोलाद वाढतं, पायाचं काँक्रीट वाढतं. त्यामुळे वरिष्ठांना सरळ लाइन हवी असते आणि गावात प्रत्येकाला ती शेजाऱ्याच्या रानातून वळलेली हवी असते.

या कामात घाई असते हे खरं. सौर प्रकल्प दीडेक वर्षात उभा राहतो. मोठ्या लाइनीला त्याच्या दुप्पट काळ सहज जातो. म्हणून लाइन आधी आणि प्रकल्प मागून, असं नियोजन करावं लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात २०३० पर्यंतच्या ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेसाठी सुमारे २.४४ लाख कोटी रुपयांचं पारेषण धरलं आहे. शिवाय एकट्या सौर विजेसाठी ओढलेली लाइन सूर्य मावळला की रिकामी लटकते. आमच्या भागात पावसाळ्यात ऊन कमी पडतं तेव्हाच वारा जोरात असतो. दोन्ही वीज एकाच लाइनीवर घालणं शहाणपणाचं, आणि टॉवरही कमी लागतात.

हे सगळं कागदावर पटतं. रानात उभं राहिलं की वेगळंच दिसतं. टॉवरसाठी जमीन संपादित होत नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार २००३ च्या वीज कायद्यामार्फत लाइन टाकणाऱ्याला मिळतात. शेतकऱ्याने अडवलं, तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. २२० केव्हीच्या लाइनीखाली ३५ मीटरचा पट्टा धरतात. त्यात सोयाबीन घ्या, तूर घ्या. आंबा-नारळ नाही, घर नाही. ऊस चालतो, पण पाचट पेटवलं की धुराने आणि ज्वाळेने लाइन ट्रिप होते, म्हणून तिथेही कटकट. जून २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के मोबदला सांगितला. आधीचे आकडे ८५ आणि १५ होते. सुधारणा मोठी आहे. तरी जमिनीची किंमत कुठली धरायची, रेडी रेकनरची की बाजारातली, यावरच बैठका तापतात.

एका गावात पारावर बैठक होती. मागून एक पोरगा उठून म्हणाला, ‘‘साहेब, वरच्या अंगाला बागाइतदाराचं रान सोडून लाइन बरोबर वळलीय. आमच्याकडंच सरळ कशी हो?’’ वळणाचं कारण नकाशावर लिहिलेलं होतं: पाइपलाइन आणि विहीर. खोटं नव्हतं. पण विहिरी ह्या पोराच्या बाजूलाही होत्या. माझं मत विचाराल तर लाइन कुणासाठी वाकते, हे जमिनीइतकंच माणसाच्या वजनावर ठरतं. प्रत्येक कोनाचं कारण आणि खर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला, तर निम्मी भांडणं उभीच राहणार नाहीत. हे मी वरती लिहून दिलं आहे.

त्याच शिवारात एक काका गट नंबर सांगत बरोबर चालत होते. जागा दाखवून झाल्यावर म्हणाले, ‘‘ही लाइट आमच्या मोटारीला येणार का?’’

‘‘नाही काका. ही कळंबला जाणार, तिथून ४०० केव्हीवर चढून देशाच्या जाळ्यात.’’

‘‘म्हंजे आमचं रात्रीचं पाणी तसंच.’’

मी सौर कृषी वाहिनी योजनेबद्दल सांगितलं. गावच्या उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प, त्याच फीडरवर दिवसा वीज, मोठ्या टॉवरची गरज नाही. त्यांना ती माहीत होती. तालुक्यात कुठे जागा घेतली, तेही माहीत होतं. पुणे-मुंबईचे कारखाने तेवढ्यावर चालणार नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी ते विचारलंही नव्हतं.

‘‘करा मोजणी,’’ ते म्हणाले, ‘‘पण टॉवर रानाच्या मधोमध नको. बांधावर घ्या.’’

दोन टॉवरांमधला गाळा मोजून पाहिला. टॉवर थोडा पुढे सरकवला तरी तारांचा झोळ बसत होता, कोन काढायची गरज नव्हती. फक्त तो बांध दोघांचा होता आणि शेजारी बार्शीच्या बाजाराला गेलेला. संध्याकाळच्या एसटीने येईल म्हणाले. आम्ही खुंटी न ठोकता पुढच्या गटात गेलो.